संचिताच्या पायाखालचं पेडल

आंबोलीच्या घाटात विनीत कुबलच्या गाडीचे ब्रेक गेले आणि तो तारकर्लीत एकदम मोठा माणूस झाला. हे श्रेय ब्रेकचं नव्हे, त्याच्या आईचं. पद्मावती त्या वेळी मागच्या सीटवर होती, त्यामुळे घटना डोळ्यांनी पाहणारी साक्षीदार तीच, आणि तिने ती गोष्ट विहिरीवर, मासळीच्या बाजारात आणि देवळाच्या पायरीवर मनसोक्त वाटली. "गाडी सुटली ती सुटलीच. पण माझ्या झिलान ती डोंगराक घासल्यान, दरीत जावक दिल्यान नाय," असं ती सांगायची. पहिल्या आठवड्यात ती दरी दोन माणसं खोल होती. महिनाभराने तिला तळच उरला नाही.

गोष्टीचा गाभा मात्र खरा होता. उतारावर पेडल फळीला टेकलं, विनीतने गिअर खाली पाडला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डाव्या अंगाला डोंगरावर घासत घासत थांबवली. डावे दोन्ही दरवाजे चेपले. माणसांना साधं खरचटलंही नाही. लोक त्याच्या पाठीवर थाप मारत होते आणि तोही, खोटं कशाला बोला, थाप पडेल अशी पाठ करून उभा राहत होता.

फक्त त्याची बायको काही बोलली नाही. संचिता त्या दिवशी पुढे, त्याच्या शेजारी बसली होती. घरी आल्यावर तिने चहा टाकला, सासूचे पाय चेपले आणि दुसऱ्या दिवसापासून ती त्या गाडीत बसायची बंद झाली. भांडण नाही, रुसवा नाही, शपथ तर मुळीच नाही. मालवणात बाजाराला जायचं निघालं की तिला नेमकं काहीतरी आठवायचं. "तुमी व्हा फुडे, मी एसटीन येतंय," म्हणायची. कुडाळला डॉक्टरकडे जायचं असलं तरी तेच.

आता विनीतचा धंदा काय, तर हीच गाडी. सात माणसांची, पर्यटकांना घेऊन फिरणारी. पुण्यामुंबईची माणसं तिच्यात बिनघोर बसायची, वाटेत झोपायची, पोरं मागे नाचायची. आणि त्याच रस्त्यावर त्याची स्वतःची बायको छत्री घेऊन एसटीच्या थांब्यावर उभी. तो हॉर्न द्यायचा, ती हात करायची, आणि मागचा एखादा पर्यटक विचारायचा, "ओळखीच्या आहेत का?" विनीत गाण्यांचा आवाज वाढवायचा. त्याला ते फार लागत होतं.

त्याच्या डोक्याने यातून जो अर्थ काढला तो सरळ होता: बायको ब्रेकना भ्यायली आहे. तेव्हा ब्रेक बदलू. नुसते नवे नव्हे, मोठे घालू. संचिताची धाकटी बहीण किशोरी हिला मुलगी झाली होती आणि येत्या रविवारी घाटावर चौकुळला, त्यांच्या माहेरी, बारसं होतं. त्याने जेवताना विचारलं, "मोठे ब्रेक घातलंय तर येशीत माझ्यावांगडा?"

"बगूया," संचिता म्हणाली.

नवरा माणूस "बगूया" हा शब्द हो म्हणून ऐकतो. विनीतने कोल्हापूरच्या भंगारवाल्याकडून त्याच कंपनीच्या जड गाडीच्या पुढच्या तबकड्या आणवल्या, आणि त्या तबकड्यांना दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे कॅलिपरही. त्याने ते रॉकेलने धुतले, आतले रबर बदलले, रंग दिला आणि अंगणात फणसाखाली गाडी जॅकवर चढवून स्वतःच्या हाताने बसवले. जुन्या कॅलिपरशेजारी नवा ठेवला तर बोटाएवढ्या पेडव्याशेजारी सुरमई ठेवल्यासारखं दिसत होतं. तो लांब जाऊन बघायचा आणि पुन्हा जवळ यायचा.

मग तो गाडीत बसला, पेडल दाबलं, आणि पेडल लोण्यात गेल्यासारखं खाली गेलं.

पहिल्या दाबाला खाली. लगेच दुसऱ्यांदा दाबलं तर अर्ध्यावर अडायचं. तिसऱ्यांदा घट्ट. म्हणजे नळीत हवा राहिली आहे हे शेंबडं पोरही सांगेल. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, आणि पाय घातला की आधी ती हवा दबण्यात पेडलची सगळी चाल संपते. ती हवा काढायला कॅलिपरवर एक बारकं तोंड असतं, निपल म्हणतात त्याला. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल पान्याने जरासं उघडायचं, तेलाबरोबर बुडबुडे बाहेर, की लगेच बंद. मालवणात गॅरेज असलेला त्याचा मित्र विकी आला, दोघांनी हे पुन्हा पुन्हा केलं. तेलाच्या बाटल्या रिकाम्या झाल्या. पेडल जिथल्या तिथे.

"मास्टर सिलेंडर ल्हान पडता," पेडल दाबलं की तेल पुढे ढकलणाऱ्या नळकांड्याकडे बोट करत विकीने निकाल दिला. "मोठ्या ब्रेकाक मोठो व्हयो. कोल्हापुरातसून मागवतंय."

"कधी येतलो?"

"फुडच्या आठवड्यात."

"आणि बारसा?"

विकीने हात पुसले. "वळणाच्या आधी दोनदा मारायचा. पयलो हळू, दुसरो नीट. बाजूक बसलेल्या माणसाक कळता काय?"

हे वाक्य विनीतच्या कानात जे बसलं ते हललं नाही. पुढचे दिवस तो रिकामी गाडी घेऊन देवबागच्या रस्त्याला जात होता आणि दोनदा मारायचा सराव करत होता. पहिला दाब आधीच, गुपचूप, टाच न उचलता. दुसरा खरा. गाडी अशी अलगद थांबायची की त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. एकदाच तर जायचं आहे, तो स्वतःला सांगायचा. रविवारी वर, रविवारी खाली, मग सिलेंडर बदलला की खोटं उरतंय कुठे? शुक्रवारी रात्री त्याने भातावर कढी घेता घेता सांगून टाकलं, "झाले गो ब्रेक."

संचिता त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरा."

शनिवारी सकाळी मात्र त्याचा जीव खाऊ लागला. घाट तो घाट. अजून एकदा हवा काढून बघू, निघाली तर निघाली. त्याने विकीला फोन लावला, तर विकी देवगडला कुणाची बंद पडलेली गाडी ओढून आणायला गेलेला. पेडलवर पाय ठेवायला माणूस हवा. आईला विचारलं तर पद्मावतीने दोन्ही गुडघे दाखवले. उरली संचिता. ती मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती.

विनीत थोडा वेळ दारात घुटमळला. मग त्याने हिशेब केला की गाडी कधी न चालवलेल्या बाईला पेडलमधलं काय कळणार? हा हिशेब त्याच्या आयुष्यातला सर्वांत कच्चा हिशेब होता.

"जरा येतंस? गाडी चलाची नाय. जॅकवर आसा. नुसतो पाय दाबून धरूचो."

संचिताने सूप बाजूला ठेवलं, हात झटकले आणि ती आली. गाडीपाशी क्षणभर थांबली. चेपलेला दरवाजा आता सरळ केलेला होता, तरी तिने त्याच्यावरून एकदा बोट फिरवलं. मग वळसा घालून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. त्या सीटवर ती पहिल्यांदाच बसत होती. साडीचा काठ आवरून तिने चप्पल काढली आणि अनवाणी पाय पेडलवर ठेवला.

विनीत पुढच्या चाकाशी आडवा झाला. "दाब," तो ओरडला. "धर. तसाच धर. हां, सोड." पुन्हा दाब, पुन्हा धर, पुन्हा सोड. ती सांगितल्याबरहुकूम करत होती. नळीतून स्वच्छ तेल येत होतं, एकही बुडबुडा नाही. वर बॉनेटखालच्या डबीतलं तेल कमी झालं म्हणून तो नवी बाटली आणायला घरात गेला.

तो परत आला तेव्हा ती सीटवरच होती आणि तिचा पाय आपल्या आपण चालला होता. एकदा, दोनदा, तीनदा. मग थांबून पुन्हा एकदा, दोनदा, तीनदा. मान खाली, भुवया जवळ आलेल्या. तांदळात खडा लागल्यावर ती अशीच दिसते, हे विनीतला उगाचच आठवलं.

"ह्या पयल्या दाबात सगळा खाली जाता," ती म्हणाली. "आणि दुसऱ्यात वर येता. असाच आसता काय?"

"थोडी एअर आसा गो."

"काल तुमी म्हणालास, झाले."

"झालेच मा. थोडा रवला."

"आणि उद्या घाटात?"

विनीतने बाटलीचं झाकण उघडलं, बंद केलं. "वळणाआधी दोनदा मारलो की झाला."

"माका सांगून मारतलास काय नाय सांगता?"

विनीत बाटलीवरचा कागद नखाने सोलू लागला. तिने पाय पेडलवरून काढला नाही. आवाजही चढवला नाही.

"तेवाय तुमी दोनदा मारीत होतास," ती म्हणाली. "घाटात. गाडी सुटायच्या खूप आधी, वरच्या वळणार. मी तुमच्या पायाकडे बगीत होतंय. पाय दोन दोनदा जाय होतो. मी विचारलंय, काय झाला? तुमी हसलास. म्हणालास, काय नाय."

त्याला ते आठवलं. तोंडावरचं हसू कसं होतं तेही आठवलं. वरच्या वळणावरच पेडल ढिलं लागलं होतं, आणि त्याने मनाशी म्हटलं होतं की घाटाखालच्या दाणोलीपर्यंत निभेल, उगाच ह्या दोघींना कशाला घाबरवा. या गोष्टीत आई जे कधीच सांगत नव्हती ते हे होतं, कारण तिला ते ठाऊकच नव्हतं.

"सगळे म्हणतत तुमी वाचवलास. वाचवलास ता खरा. मी नाय म्हणनय नाय," संचिता म्हणाली. "पण ब्रेक लोखंडाचे. ते कधीतरी जातलेच. तेंचा माका भय नाय ओ. तुमी हसान काय नाय म्हणतास, त्याचा भय वाटता. मगे बाजूक बसान मी काय बगू? रस्तो बगू, काय तुमचो पाय बगू?"

विनीत पुन्हा चाकाशी आडवा झाला. तिथे एक सोय असते, तोंड कुणाला दिसत नाही. त्याला लाज वाटत होती, आणि त्या लाजेत थोडा रागही होता, कारण तिने इतके महिने हे पोटात ठेवलं आणि तो आपला तबकड्या मोजत बसला. पण राग धरून ठेवण्याइतकी त्याची बाजू काही भक्कम नव्हती. कॅलिपरकडे बघत तो नुसता पडून राहिला.

संचिताला वाटलं असतं तर ती उठून तांदळाकडे जाऊ शकली असती. ती खाली उतरली आणि चाकाशेजारी उकिडवी बसली.  तिने कॅलिपरच्या खालच्या अंगाला लोंबणाऱ्या नळीकडे बोट केलं. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"ह्याचा तोंड खाली कित्याक?"

आणि विनीत सांगू लागला, कारण ब्रेकबद्दल बोलणं त्या घटकेला सर्वांत सोपं होतं. जुन्या कॅलिपरची तोंडं वर होती. वाळूतून, खाऱ्या पाण्यातून गाडी जायची, ते पाणी त्यांच्यावर साठायचं आणि ती गंजून जाम व्हायची. एक तर पाना लावताच तुटलं. भंगारातून आलेल्या ह्या नव्यांवर उजवं-डावं लिहिलेलं नव्हतं आणि दोन्ही दोन्हीकडे बसत होते. मग त्याने मुद्दाम डोकं चालवलं. आपल्याकडे पावसाळ्यात होडी पालथी घालतात, कळशी पालथी, डबा पालथा, खारा वारा आत शिरू नये म्हणून तोंड असलेली प्रत्येक वस्तू पालथी. तसं त्याने उजव्याचा डावीकडे आणि डाव्याचा उजवीकडे घातला, म्हणजे तोंडं आपोआप खाली आली. "आता तेच्यात खारा पाणी जावचाच नाय," तो म्हणाला. "कळशी कशी आपण पालथी..."

तो थांबला.

पालथी कळशी विहिरीत बुडवली तर बुडत नाही. हे तारकर्लीत लहानपणी विहिरीवर खेळलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. कितीही दाबा, आतली हवा तिच्या बुडाशी, वरच्या अंगाला अडकून बसते आणि कळशी हाताला ढकलत राहते. हवा वर जाते. आणि तो गेले काही दिवस खालच्या तोंडातून ती काढायला बघत होता. तेल खालून निमूट बाहेर येत होतं आणि हवा वर आरामात बसून राहिली होती.

"अरे देवा," विनीत म्हणाला आणि तिथेच पडल्या पडल्या कपाळावर हात मारून घेतला. तेलाचा हात. कपाळ काळं झालं. "सिलेंडर नाय गो. मीच. मीच पालथो घातलंय."

संचिताला यांत्रिकी कळली की नाही कोण जाणे, पण नवऱ्याचा चेहरा कळला. "म्हणजे काय झाला?"

या वेळी त्याने सगळं सांगितलं. विकीचं दोनदा मारणं, देवबागच्या रस्त्यावरचा सराव, शुक्रवारच्या कढीबरोबरचं "झाले गो ब्रेक", सगळं. तिने ऐकून घेतलं. रागावली नाही असं नाही, मध्ये एकदा तोंड फिरवून बसली. पण उठली नाही. "आता कामाक लागा," एवढंच म्हणाली, "उन्हा होतली."

त्याने दोन्ही कॅलिपर काढले, अदलाबदल केली आणि ज्याच्या त्याच्या जागी बसवले. आता तोंडं आकाशाकडे. संचिता पुन्हा सीटवर बसली. पहिल्याच वेळी निपल उघडल्याबरोबर नळीतून फसफसून एवढे बुडबुडे आले की विनीत लहान मुलासारखा ओरडला. पण खरी मजा त्यानंतर. आधी तो "दाब, धर, सोड" म्हणायचा आणि ती करायची. आता तीही बोलू लागली. "जरासा वर इला." "अजून मऊ आसा." "ह्या बाजूचा झाला, तेना फरक पडलो." त्याला दोनदा वाटलं की झालं, आणि दोन्ही वेळा तिने "नाय, अजून थोडा" म्हणून त्याला परत आडवं केलं. तिच्या पायाला जे कळत होतं ते ती जसंच्या तसं सांगत होती, आणि चाकाशी पडून ते ऐकताना त्याच्या ध्यानात आलं की हे इतकं सोपं असतं.

"आता बगा," अखेर ती म्हणाली आणि पेडल एकदाच दाबलं. ते वरच्यावर अडलं. तिने दोन्ही पायांचा भार टाकला, तरी ढिम्म.

गाडी खाली घेऊन त्याने ती गावातून फिरवून आणली, पुन्हा पुन्हा जोरात थांबवून पाहिली, निपलांना ग्रीस फासून रबरी टोप्या घातल्या. विकीला फोन करून सिलेंडर नको म्हणून सांगितलं. का नको ते सांगितल्यावर विकी इतका हसला की विनीतला फोन कानापासून लांब धरावा लागला.

रविवारी सकाळी संचिता कुठे बसेल हे विचारायची त्याची छाती झाली नाही. ती नवी साडी नेसून, बाळंतविड्याची पिशवी घेऊन आली, पुढचा दरवाजा उघडला आणि बसली. चौकुळला बारसं झालं, पोरीचं नाव आनंदी ठेवलं, पोळ्या खाऊन सगळे सुस्त झाले आणि दुपारी ते घाट उतरायला लागले. ब्रेक काय सुरेख धरत होते! तरी संचिताचा हात दरवाजावरच्या कडीला होता आणि नजर खाली, त्याच्या पायाकडे. विनीतला ती नजर घोट्यावर जाणवत होती. त्याने स्वतःच ओढवून घेतलेली नजर होती ती.

निम्मा घाट उतरल्यावर एका वळणावर त्याला वाटलं, पेडल जरा जास्त खाली गेलं. जरासंच. की भास? पुढे रस्ता मोकळा होता, मागे एसटी होती, गाडी ऐकत होती. त्याचे ओठ आपसूक हसायला लागले होते, वर्षानुवर्षांची सवय ती. त्याने ते आवरले.

"संचिता," तो म्हणाला, "पेडल माका जरासा खाली गेल्यासारखा वाटला. खरा काय भास, माका कळना नाय. फुडे जागा आसा थंय गाडी बाजूक घेतंय."

"अरे रामेश्वरा!" मागून पद्मावती जागी झाली.

त्याने एसटीला जाऊ दिलं आणि डोंगराच्या बाजूला रुंद जागी गाडी थांबवली. चाकांना दगड लावले. उतरून डबीतलं तेल बघितलं, भरलेलं. चाकांच्या आत हात घालून बघितलं, कुठे ओल नाही. तबकड्या तापल्या होत्या पण उतारावर तापणारच. बसून पेडल दाबलं, घट्ट. पुन्हा दाबलं, घट्टच. काहीही झालेलं नव्हतं. तरी त्याने थोडा वेळ तबकड्या निवू दिल्या. रस्त्याने येणारेजाणारे बघत होते आणि गाडीचा धंदा करणारा हा गडी तिथे कान लाल करून उभा होता.

"तेल भरलेला आसा, खंय गळणा नाय, पेडल घट्ट आसा," त्याने खिडकीशी येऊन सांगितलं. "माका भास झालो. मी जरा भियालंय."

संचिताने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. सावकाश, तांदळात एकही खडा राहू नये इतकं नीट. "चला," ती म्हणाली. "घाय नाय. सावकाश चला."

तो खालच्या गिअरमध्ये निघाला. पुढच्या वळणानंतर तिने कडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. त्याच्या पुढच्या वळणाला त्याने बाजूला पाहिलं, तर तिचं डोकं खिडकीला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं, आणि ती झोपली होती. गाढ. लग्नाआधीपासून ह्या घाटात जिला कधी झोप लागली नव्हती ती घाटातच झोपली होती.

पद्मावती मागून पुढे वाकली. "गो बाय माझ्या! झोपली ही? उतारार?"

"हळू बोल," विनीत म्हणाला. "झोपांदे तिका."